पुढच्या गाडीचा आडोसा

रविवार, १२ सप्टेंबर १९९९

आज परत हरलो. नुसता हरलो असतो तर वही काढली नसती. भीमराजकडून हरलो, आणि तेही मीच शिकवलेल्या युक्तीनं.

पुण्यातल्या काही हौशी लोकांनी हे शर्यतीचं मंडळ काढलंय. दर रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसतो, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट लावतो आणि एकाच ट्रॅकवर गाड्या पळवतो. गाड्या १९६७ सालच्या. पडवळासारखं लांबट अंग, चारी चाकं उघडी, आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंखबिंख काही नाहीत. जरा चुकलं की गवतात. नगरातून आम्ही दोघंच आहोत. माझी गाडी हिरवी, भीमराजची निळी.

आता युक्ती. गाडी जोरात जाते तेव्हा ती समोरची हवा फाडत जाते आणि तिच्या पाठीमागे पोकळी राहते. त्या पोकळीत मागच्यानं गाडी घातली की त्याला हवा लागत नाही. तेवढ्याच इंजिनात त्याचा वेग वाढतो. मग ऐन वेळी बाहेर पडायचं आणि सटकन पुढे. पॉलिटेक्निकला मी मेकॅनिकलच्या पोरांना हेच शिकवतो. भीमराजला जुलैत शिकवलं. माझ्या घरी, माझ्या मशीनवर, माझ्या आईनं केलेले पोहे खाता खाता. त्याला समजावं म्हणून म्हटलं, एमआयडीसीतून सायकलवर येताना समोरून वारा असला की आपण टेम्पोच्या मागे राहतो ना, तसं.

तो म्हणाला, "म्हंजे आडोसा. मास्तर, एवढं इंग्रजी कशाला झाडतो मग?"

आणि आज शेवटच्या सरळ रस्त्यावर माझ्याच आडोशात बसून आला, रेषेच्या जरा अलीकडे उजवीकडून निघाला आणि गेला. मी हवा फाडायची आणि यानं गारेगार बसून यायचं! वर शर्यत संपल्यावर फोन करून विचारतो, "मास्तर, चिडला न्हाई ना?"

मी कशाला चिडू? मी हसलो. जरा जोरातच हसलो असेन, कारण आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

गुरुवार, १६ सप्टेंबर

पुण्याहून राधाकृष्णकाकांची ई-मेल आली. हे मंडळाचे प्रमुख, बँकेतून निवृत्त झालेले, शर्यतींचा वृत्तांत तेच लिहून सगळ्यांना पाठवतात. वृत्तांतात भीमराजवर अख्खा परिच्छेद! "आमच्या नगरच्या मित्रानं या डावपेचाला फार सुरेख नाव दिलं आहे. यापुढे आपण सर्वांनी याला 'नगरी आडोसा' म्हणावं."

तळपायाची आग मस्तकात गेली. नाव त्याचं, मान्य. पण डावपेच कुणाचा? वृत्तांतात माझं नाव एकदाच आहे. "पाचवे, सुश्रुत." बास.

जेवणानंतर बसून काकांना खुलासा लिहिला. हवेचा रोध, त्याचं सूत्र, मी हे जुलैत भीमराजला कसं समजावलं, सगळं सविस्तर. शेवटी लिहिलं, "श्रेयासाठी नव्हे, केवळ नोंद राहावी म्हणून." रुचानं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "दादा, शेवटचं वाक्य काढ. त्यानंच सगळं कळतंय." ही माझी धाकटी बहीण, कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे तिला वाटतं तिला सगळ्यातलं कळतं. वाक्य ठेवलं आणि पाठवलं.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

काकांचं उत्तर: "माहितीबद्दल आभार. छान."

रविवार, ३ ऑक्टोबर

आज ठरवूनच बसलो होतो की शेवटच्या वळणातून मी आधी बाहेर पडणारच नाही. या ट्रॅकवर शेवटच्या वळणानंतर इतका लांब सरळ रस्ता आहे की जो पुढे तो मेला. मागच्याला आडोसा मिळतो. म्हणून वळणाआधी मी मुद्दाम पाय काढला. भीमराजनं पण काढला. मी आणखी काढला. त्यानं ब्रेकच लावला! दोघंही तिसऱ्या गियरवर, तू हो पुढे, नाही तू हो, असं करत वळणातून रांगतोय, आणि मागून कोथरूडचे एक दाताचे डॉक्टर आले आणि दोघांच्या मधून निघून गेले. ते डॉक्टर आजवर कधी सहाव्याच्या वर आले नव्हते.

फोनवर भीमराजला हसू आवरेना. "आरं, पंगतीला बसताना पाव्हने करत्यात तसं केलं आपन. तुमी बसा, न्हाई तुमी बसा. आन डॉक्टर जेवून हात धुऊन गेला!"

मला हसू आलं नाही. खरं तर थोडं आलं, पण मी ते त्याला ऐकू जाऊ दिलं नाही.

भीमराज साधा जॉयस्टिक वापरतो. गाडगीळ चौकातल्या दुकानातून घेतलेला, डावीकडे वळवताना जरा अडखळतो म्हणे. माझ्याकडे आत्तेभावानं अमेरिकेहून आणलेलं स्टिअरिंग आहे, पायाशी पेडल आहेत. अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नसेल. माणसाला कशाचा राग यावा? त्याच्या हाताचा. गाडी घसरायला लागली की तो घाबरत नाही, तिला घसरू देतो आणि मग हलकेच सावरतो. ते मला जमत नाही. तासन् तास बसूनही जमत नाही.

रविवार, १० ऑक्टोबर

मोठी बातमी. डिसेंबरात पुण्यात एका सभागृहात मंडळाचा मेळावा. सगळी मशीन एका ओळीत, एका तारेनं जोडलेली, खऱ्या गाडीसारख्या बैठका, बघायला लोक. बाहेरगावच्या प्रत्येक गावातून एकच जण. नगरचा कोण, ते शेवटच्या शर्यतीवर ठरणार, कारण आमचे दोघांचे गुण सारखे झालेत. १४ नोव्हेंबर, मोन्झा. इटलीतला हा ट्रॅक म्हणजे नुसते सरळ रस्ते. आडोशाचंच राज्य. आम्हा दोघांत जो पुढे, तो पुण्याला.

मला जायचंय. इतकं कशासाठी जायचंय हे आईला सांगता येत नाही. ती म्हणते, "खेळ तर आहे." खेळच आहे. पण मला कुणीतरी निवडून बोलवावं. शाळेत मी पहिला यायचो, तेव्हा लोक म्हणायचे शरच्चंद्र सरांचा मुलगा, येणारच. बाबा तिथे शिकवायचे ना. त्यानंतर कुठेच पहिला आलो नाही.

बारावीनंतर भीमराजला पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंगला जागा मिळाली, मला नाही. आमच्या नातेवाइकांना वाटतं की काय ते उघड आहे. तसं नव्हतं. त्याचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. मला ते माहीत आहे. मी कुणाला सांगत नाही, कारण कुणी विचारतच नाही. असो. मी जातपात मानत नाही, भीमराज आठवीपासूनचा मित्र आहे, आमच्या घरी तो आजही थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो.

बुधवार, २० ऑक्टोबर

काल दसरा. भीमराजकडे या लोकांचा मोठा दिवस असतो, त्यानं आम्हाला दोघांनाही जेवायला बोलावलं होतं. रुचा गेली. मला पेपर तपासायचे होते.

संध्याकाळी आली ती काय काय सांगत होती. केडगावातलं त्यांचं नवं घर कसं हवेशीर आहे, भीमराजच्या आईनं, विमलमावशींनी, कसली आमटी केली होती, काष्टीहून त्यांची माणसं आली होती, आणि भीमदादानं सगळ्या पोराटोरांना ओळीनं बसवून एकेक फेरी गाडी चालवायला दिली. "हसून हसून पोट दुखलं दादा. मावशींनी तर पहिल्याच वळणावर गाडी झाडावर घातली आणि म्हणाल्या, रस्ता चुकीच्या जागी हाय!"

मी म्हटलं, "तुला इकडे माझी एक शर्यत पूर्ण बघवत नाही."

ती म्हणाली, "तुझी शर्यत चालू असताना शिंकलं तरी तू ओरडतोस." मग जाता जाता, "मावशी विचारत होत्या, मास्तर कधी येतात म्हणून. तू आजवर गेलाच नाहीस?"

गेलोय की. जुन्या घरी दोनदा गेलोय. दोन्ही वेळा घाई होती, दारातूनच आलो.

रविवार, २४ ऑक्टोबर

आज दोघांचीच सरावाची शर्यत. भीमराजची गाडी माझ्या आरशात नीट दिसते न दिसते, मधेच उडी मारून दुसरीकडेच दिसते. चिडून ओरडलो तेव्हा रुचानं मला शिकवायला घेतलं. "दादा, ती गाडी आत्ता तिथे नाहीच. फोनच्या लाईनवरून निरोप यायला वेळ लागतो. तुला दिसतो तो मघाचा भीमदादा. आणि त्याला दिसतोस तो मघाचा तू."

मी म्हटलं, पुस्तकातलं मला सांगू नकोस, सरळ रस्त्यावर एवढ्यातेवढ्यानं काही फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र आज पक्की हेरली. आडोशातून बाहेर पडताना तो नेहमी उजवीकडूनच निघतो. तो जॉयस्टिक डावीकडे अडखळतो म्हणून असणार. जुन्या शर्यती मशीनवर साठलेल्या असतात, त्या परत लावून पाहिल्या. उजवीकडे. उजवीकडे. परत उजवीकडे. त्याला स्वतःला हे ठाऊक नसावं.

रविवार, ३१ ऑक्टोबर

मोन्झाचा सराव. मंडळाचा नियम असा की सरळ रस्त्यावर मागच्याला अडवायला पुढच्यानं एकदाच बाजू बदलायची, आणि शेजारी आलेल्याला गवताकडे दाबायचं नाही. दाबलं तर बाद. पण "दाबलं" आणि "त्याच वेळी मी पण तिकडे वळत होतो" यांतला फरक ठरवणार कोण? नुसता विचार करतोय. विचार करायला काय जातंय.

भीमराजचा दुपारी फोन. म्हणाला, इंजिन जास्त फिरवू नको, आडोशात बसल्यावर गाडी हलकी होते आणि आकडा लाल रेघेच्या पलीकडे जातो, माझी दोन इंजिनं काल फुटली. मी विचारलं, "मला का सांगतोयस?"

"मग कुनाला सांगू? तू इंजिन फोडून घरी बसल्यावर मला काय मजा येनार?"

हे असं बोलतो आणि वर लोकांना आवडतो. मला वाटतं हा डाव आहे, मी मऊ पडावं म्हणून. मी पण चांगुलपणानं म्हटलं, तू टायर गरम झाल्याशिवाय जोर लावू नकोस. हे त्याला ठाऊकच होतं.

शनिवार, १३ नोव्हेंबर

दिवाळी संपली. फराळाचे डबे घेऊन भीमराज येऊन गेला, विमलमावशींच्या करंज्या. आईनं डबा रिकामा करून आमच्या चकल्या भरून दिल्या. करंज्या चांगल्या होत्या म्हणे. मी गोड कमी केलंय.

उद्या.

आईला सांगून ठेवलंय की सकाळी फोनला हातच लावायचा नाही. आतला फोन उचलला की इंटरनेट तुटतं. कागद चिकटवून ठेवलाय फोनवर.

रविवार, १४ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहितो. ही वही कुणी वाचत नाही.

पुण्याचे तिघं पहिल्या फेरीपासूनच लांब गेले. आमच्या मागेही कुणी नव्हतं. शेवटपर्यंत हिरवी आणि निळी, एवढंच. एका सरळ रस्त्यावर तो पुढे, दुसऱ्यावर मी. मी त्याच्या आडोशात, तो माझ्या. एक सांगितलं पाहिजे, इतकं सुंदर मी आयुष्यात चालवलेलं नाही. दोघं मिळून एकट्यापेक्षा केवढे जोरात जात होतो! मधे काही फेऱ्या तर मी हे विसरूनच गेलो की एकच जण जाणार आहे.

शेवटच्या फेरीत शेवटच्या वळणाला मी पुढे आलो. नको होतं तेच झालं. रुचा मागे उभी होती. आरशात निळी गाडी चिकटून. रेषा दिसायला लागली. आता निघणार, आता. आणि आरशात तो उजवीकडे सरकला.

मी स्टिअरिंग उजवीकडे घातलं. चुकून नाही. अडवायला पण नाही. अडवायला एवढं वळवावं लागत नाही. त्याला गवतात घालायचं म्हणून घातलं. त्या वेगात गवत म्हणजे पुढे भिंतच. मला धडक ऐकायची होती.

धडक झालीच नाही. आरशातून तो गेला आणि एकदम माझ्या डाव्या बाजूला उगवला, पुढच्या चाकाशी. मग अख्खी गाडी. मग त्याचं धुराडं. रेषा त्यानं आधी ओलांडली.

रुचा म्हणाली, "उजवीकडे का गेलास तू?"

मी फोनची वायर भिंतीतून ओढून काढली.

सोमवार, १५ नोव्हेंबर

भीमराजचे फोनवर फोन. रुचाला सांगितलं, म्हण घरी नाही. ती म्हणाली, मी खोटं बोलणार नाही. शेवटी आईनं सांगितलं, तो झोपलाय. दुपारी चार वाजता!

तो का फोन करतोय ते मला कळतंय. त्याच्या मशीनवर पण शर्यत साठलेली असणार. तो ती परत लावून बघणार, हिरवी गाडी त्याच्या अंगावर कशी आली ते बघणार. मग राधाकृष्णकाकांना पाठवणार. मग वृत्तांतात माझ्यावर अख्खा परिच्छेद. पुण्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. कॉलेजातही पसरणार, प्रिन्सिपॉलचा पुण्यातला मुलगा त्याच मंडळात आहे.

आणि इतकं करून तो गेला तो गेलाच. पुण्याला बसणार तोच. त्या खऱ्या बैठकीत, लोकांसमोर. पाप करून फळ मिळालं असतं तर एक वेळ समजलं असतं.

बुधवार, १७ नोव्हेंबर

हलकट!

भीमराजनं सगळ्या मंडळाला ई-मेल पाठवलीय. उतरवून घेतो: "मित्रहो, मोन्झाला मी जिंकलो न्हाई. मला सुश्रुत मास्तरनं जिंकू दिलं. शेवटच्या रस्त्यावर मी आडकलो हुतो, त्यानं स्वता बाजूला होऊन मला रस्ता दिला. पुन्याची जागा पनाला लागलेली आस्ताना. आसा मानूस मी बघितला न्हाई."

असला टोमणा! सरळ शिवी दिली असती तर परवडलं असतं. सगळ्यांसमोर, वरून नम्रपणाचा आव आणून. डॉक्टरांनी लगेच उत्तर पाठवलंय, "सुश्रुत, टोपी काढून सलाम." म्हणजे आता सगळं पुणं मिळून माझी टर उडवणार.

रुचानं वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली, "दादा, तो टोमणा मारत नाहीये. तू जाऊन बघ."

रविवारी जाणार आहे. त्याच्या दारात उभं राहून विचारणार आहे, बोल, काय बोलायचं ते तोंडावर बोल. मैत्री तुटली तर तुटली.

रविवार, २१ नोव्हेंबर

केडगावला स्कूटरवर गेलो, रुचा मागे. तिला नको म्हटलं तरी आली. वाटेत सगळी वाक्यं तयार केली होती.

दार विमलमावशींनी उघडलं. "या की मास्तर. आत या. दारात किती वर्सं हुबं ऱ्हानार?"

आत गेलो. भीमराज बनियनवर होता, मला बघून धावत आला आणि त्यानं मिठीच मारली. वाक्यं सगळी तशीच राहिली. "फोन घेत न्हाईस, काय न्हाई! मला वाटलं, जागा गेली म्हनून रुसला. चल, तुला दाखवतो. आईला धा वेळा दाखवलं."

त्यानं मशीनवर शर्यत लावली. शेवटची फेरी, त्याच्या गाडीतून. त्याच्या पडद्यावर.

वळण आलं. समोर माझी हिरवी गाडी, रस्त्याच्या मधोमध. निळी तिच्या आडोशात. निळी उजवीकडे गेली आणि लगेच परत डावीकडे आली. नुसती हूल होती! कबड्डीत देतात तशी. डावीकडे पुरेशी जागा नव्हती, त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लागणारच होतं. आणि तेव्हा, तो डावीकडे आलेला असताना, हिरवी गाडी शांतपणे उजवीकडे सरकली. सगळी डावी बाजू मोकळी करून दिली. एखाद्या मोठ्या मनाच्या माणसानं दारातून बाजूला व्हावं तशी.

भीमराजनं ते परत लावलं. मी परत पाहिलं. मी उजवीकडे वळवलं ते उजवीकडे दिसणाऱ्या भीमराजसाठी. पण तो मघाचा भीमराज होता. खरा केव्हाच डावीकडे गेला होता. माझ्या मशीनवर साठलंय ते मी उघडूनसुद्धा पाहिलं नाही, तिथे दुसरीच शर्यत असेल. त्याच्या मशीनवर ही आहे. त्यानं पाहिली ती ही.

मी रुचाकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. तिला कळलंय. तिला बुधवारीच कळलं होतं.

"आता खरं सांगू का मास्तर?" भीमराज म्हणाला. "तुझ्या जागी मी आसतो ना, तर मी दाबला आसता तुला. उजवीकडं. गवतात घातला आसता सरळ. मनात आलं हुतं माझ्या, तू माझ्या मागं आसताना. लई जायचं हुतं मला पुन्याला." आणि खाली बघून, "रातभर तेच डोक्यात. मी काय मानूस हाय, आन ह्यो काय मानूस हाय."

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात मावशींनी ताटं आणली.

शिपी आमटी, झणझणीत, डोळ्यांतून पाणी काढणारी, आणि बाजरीची भाकरी. माझ्या डोळ्यांतून येत होतं ते आमटीचंच असं सगळ्यांनी धरलं. मावशी म्हणाल्या, "हळू खा, कुनी पळवून न्हेत न्हाई." रुचानं माझ्या ताटात दुसरी भाकरी घातली.

जेवताना भीमराजनं सांगितलं, त्यानं राधाकृष्णकाकांना फोन केला होता. म्हणाला, मी एकटा येणार नाही. काकांनी मलाही बोलावलंय. गाडी चालवायला नाही, जागा एकच आहे. उद्घाटनाला. नव्या पोरांसमोर खिलाडूवृत्तीवर दोन शब्द बोलायला.

म्हणजे निवडून बोलावलं मला. शेवटी बोलावलं.

"येशील ना?" भीमराजनं विचारलं. मावशी बघत होत्या, रुचा बघत होती. मी हो म्हणालो.

निघताना तो म्हणाला, थांब, एकदा शेवटचं बघून जा. परत लावलं. मी त्या हिरव्या गाडीकडे बघत उभा राहिलो. काय ऐटीत बाजूला होते ती! आणि भीमराज तिच्याकडे असा बघत होता, जसं माझ्याकडे आजवर कधी कुणी पाहिलं नाही. दोन महिने मी भीमराजवर जळतोय. आज पहिल्यांदा त्याच्यावर जळलो नाही. त्या हिरव्या गाडीत जो कोण बसलाय, त्याच्यावर जळलो. पुण्याला भाषण करायला त्यालाच बोलावलंय.